दातांचा ताप

आमच्याकडं दीड-दोन वर्षांच्या पोराला काहीही झालं की उत्तर ठरलेलं असतं: दात येतायत. ताप आला, दात येतायत. जुलाब लागले, दात येतायत. उगाच किरकिर करतंय, मग तर दातच. शेजारीण सांगते, सासू सांगते, दवाखान्यातली सिस्टरसुद्धा सांगते. ह्या दोन शब्दांचा मी एकदा असा काही उपयोग करून घेतला, की ते आठवलं तरी माझी मलाच लाज वाटते.

माझा भाऊ दुबईला, एका हॉटेलच्या किचनमध्ये. आई कवठे येमाईला एकटी. वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मी लग्न होऊन भांडगावला आले, आणि आमचे हे कुरकुंभला औषधाच्या कंपनीत शिफ्टला जातात. भावाचं लग्न तिथल्याच एका नर्सशी ठरलं. मुलगी आपल्याकडचीच, कराड बाजूची. दोनदा गावाकडची तारीख धरली आणि दोन्ही वेळा कोरोनानं ती खाल्ली. नर्स असल्यामुळं मुलीला रजा मिळेना. शेवटी लग्न दुबईलाच करायचं ठरलं. हॉलमध्ये मोजकीच माणसं चालणार होती. आमच्याकडून दोघीच, वरमाय म्हणून आई आणि करवली म्हणून मी. माझ्या मांडीवर दीड वर्षाचं माझं पोरगं.

त्याचं जावळ अजून काढलेलं नव्हतं. आमच्यात जावळ मामाच्या मांडीवर निघतं, आणि मामा तर दोन वर्षं तिकडं अडकलेला. त्यामुळं पोराच्या मानेवर केस रुळायला लागले होते आणि जो तो विचारायचा, "मुलगी का?" आईनं ठरवून टाकलं होतं, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिथंच जावळ उरकायचं. कात्रीसुद्धा तिनंच बॅगेत टाकली होती.

आईचा पासपोर्ट हा आमच्या घरातला मोठा विषय होता. जन्मात पहिल्यांदा काढलेला. फोटोत ती अशी बसलीय, जशी कुणीतरी दमात घेऊन बसवलीय. पोलीस चौकशीला घरी आले तर बाईंनी त्यांना चहा-पोहे केले, वर लग्नाचं आमंत्रण दिलं. शिरूरहून जांभळी पैठणी आणली. फॉल-पिको झालं, ब्लाउज दोनदा उसवून शिवला. विमानात इतके तास मास्क लावून बसवेल का, म्हणून महिनाभर आधीपासून मास्क लावून गवत काढायची. आजूबाजूच्या बाया हसायच्या. ती म्हणायची, "हसा. मी निघाले दुबईला."

विमानाच्या आठ दिवस आधी ती भांडगावला आली. आमच्यापासून हायवे जवळ, मुंबईला जायला सोपं. ती आली त्याच दिवशी ह्यांच्या शिफ्टमधले दोघं जण पॉझिटिव्ह निघून घरी बसवले गेले. हे घरी आले आणि म्हणाले, "माझाबी घसा जरा खवखवतोय. टेस्ट करून घेऊ का?"

मी तोंडाची फटकळ आहे, सगळ्या भांडगावला माहीत आहे. म्हटलं, "आत्ता? विमान आलं तोंडावर आन् तुम्हाला टेस्ट सुचतीय? गरम पाण्याच्या गुळण्या करा आन् गच्चीवर झोपा. आन् आईपाशी एक अक्षर बोलायचं न्हाई."

बिचारे गुळण्या करत बसले. पण आदल्या दिवशीच पोरगं त्यांच्या अंगाखांद्यावर दोन तास खेळलं होतं. मला दिसत होतं ते. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

तिसऱ्या दिवशी पोरगं तापलं. मी बॅग भरत होते. आई त्याला कडेवर घेऊन आली. "अंग चटका देतंय गं ह्याचं."

मी मानसुद्धा वर केली नाही. म्हटलं, "दात येतायत."

आईनं हात धुतला, त्याच्या तोंडात बोट घातलं, हिरड्यांवरनं फिरवलं. ते कडाडून चावलं तिला. ती हसली. "व्हय, दातच आसतील," म्हणाली आणि त्याला घेऊन मागच्या खोलीत गेली.

त्यानंतर तिनं पोराला माझ्याकडं दिलंच नाही. मी घ्यायला गेले की म्हणायची, "तू तुझं आवर. ऱ्हाऊ दे माझ्यापशी." त्याला ती भरवायची, तीच पुसून घ्यायची, तीच जवळ घेऊन झोपायची. एकदा मी हट्टानं उचलायला गेले तर अंगावर ओरडली, "नखं रंगवलीस ना? मग ऱ्हा की लांब!" मला राग आला, पण खरं सांगू, बरंही वाटलं. कामं उरकत होती. मी त्याच्या तोंडात तापाचं औषध घालत होते आणि मनात घोकत होते, दात येतायत, दात येतायत. दोन-तीन दिवसांत पोरगं खडखडीत बरं झालं. मला वाटलं, सुटले.

विमानाआधी अठ्ठेचाळीस तासांतला टेस्टचा रिपोर्ट लागायचा. दौंडला जाऊन आम्ही दोघींनी नाकात काड्या घालून घेतल्या. लेकरांना टेस्ट नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाईलवर रिपोर्ट आले. माझा निगेटिव्ह. आईचा पॉझिटिव्ह.

आई शेंगा फोडत बसली होती. मी वाचून दाखवलं तर तिला आधी कळलंच नाही. पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं, असं वाटून तिनं विचारलं, "म्हंजी जमलं न्हवं?"

तेव्हाच मी सांगायला पाहिजे होतं. ह्यांच्या घशाचं, पोराच्या तापाचं, सगळं. त्याऐवजी मी काय केलं? मी तिच्यावर ओरडले. "सोमवारी यवतच्या बाजारात कशाला गेली होतीस? काय नडलं होतं मेथीवाचून? मास्क नाकाखाली लोंबत असणार! आता बस घरी!"

तिनं हातातली शेंग फोडून दाणे पाटीत टाकले. मग शेंगांची पाटी बाजूला सारून म्हणाली, "व्हय बाई. चुकलंच माझं."

मी भावाला फोन लावला आणि त्यालाही तेच सांगितलं. आई बाजारात गेली होती. तो रडला, मग चिडला. आईनं फोन घेतला आणि मास्कच्या आतून म्हणाली, "आरं, ताजी मेथी दिसली, गेले. रडू नगंस. तुझी बहीण येतीय की. करवलीबिगर लगीन व्हतं व्हय?" आणि तिनं मागच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

मी गेले. हेच तर सांगायचंय. थांबले नाही, मी गेले.

मुंबईच्या विमानतळावर पुन्हा एक टेस्ट झाली. रांगेत मी पोराला घट्ट धरून उभी, आणि कपाळाला लावायचं ते तापाचं यंत्र जवळ आलं की मी आधी आपल्या हातानं त्याचं कपाळ चाचपून बघायचे. खरं तर त्याला ताप नव्हता. पण घरून निघताना मी त्याला एक चमचा औषध पाजलंच होतं, नको ती परीक्षा म्हणून. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "बच्ची का पासपोर्ट?" मी म्हटलं, "बच्चा है, जावळ बाकी है." त्याला काय कळणार जावळ! तो आपला फोटोकडं बघतोय, पोराकडं बघतोय.

विमानात शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचा मास्क पोरगं सारखा ओढायचं आणि ते हसून परत लावायचे. म्हणायचे, "राहू द्या हो, लहान आहे." मी त्याचे दोन्ही हात माझ्या हातात धरून ठेवले तर त्यानं सगळं विमान डोक्यावर घेतलं. मी सीट बदलून मागितली. गृहस्थांना वाटलं, बाई शिष्ट आहे. वाटू दे. खाली समुद्र दिसत होता, पहिल्यांदाच बघत होते मी वरनं, आणि माझ्या डोळ्यांपुढं शेंगांची पाटी.

लग्न छोटंसंच झालं. गुरुजीही मास्कमध्ये, मंगलाष्टकं आतल्या आत घुमत होती. मोबाईल एका स्टँडवर लावला होता आणि त्यात आई होती. भांडगावच्या मागच्या खोलीत, एकटी, ती जांभळी पैठणी नेसून, नथ घालून. तापानं तोंड सुकलेलं. ह्यांनी दाराशी ठेवलेल्या वाटीतल्या अक्षता तिच्या मुठीत होत्या. इकडं 'सावधान' झालं की तिकडं ती अक्षता टाकायची, आणि त्या तिच्याच मोबाईलवर पडायच्या. आम्हाला पडद्यावर नुसते तांदूळ येताना दिसायचे. मध्येच खोकल्याची उबळ आली की ती मोबाईल पालथा घालायची आणि इकडं अंधार व्हायचा.

मग विहिणीचे पाय धुवायची वेळ आली. चौरंग मांडलेला, तांब्या-घंगाळ तयार. वरमाय कुठंय? मुलीची आई म्हणाली, "बसा तुम्ही. आईच्या जागी तुम्हीच." मी नको नको म्हणत होते. सगळ्यांना वाटलं, लाजतेय. बसवलं मला. माझ्या आईच्या वयाची ती बाई खाली वाकली आणि तिनं माझे पाय धुतले, पुसले, कुंकू लावलं. मोबाईलमधून आई म्हणाली, "आगं, पाय सरळ ठेव की!" सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मामाच्या मांडीवर जावळ निघालं. भावानं पहिली बट कापली आणि मग मला हळूच विचारलं, "ताई, एका मेथीच्या जुडीपायी आईनं असं करावं का गं?" मी पोराच्या डोक्यावरचे केस झटकत म्हटलं, "म्हातारं माणूस. काय बोलायचं आता?"

केसांची पुडी बांधून मी परत आणली. आईनं ती नदीत सोडली. दोन महिने तिचा खोकला गेला नाही, पण वाचली. मागची खोली झाडताना कोपऱ्याकोपऱ्यातून तांदूळ निघत होते. तिचा पासपोर्ट कोरा राहिला. भावाला पुढं मुलगी झाली, तेव्हा त्यानं आईचं तिकीट काढतो म्हटलं, तर गुडघ्यांचं निमित्त करून ती नाही म्हणाली. आता बँकेत ओळखपत्र मागितलं की ती आधी पासपोर्टच काढते. तेवढाच त्याचा उपयोग.

आणि घरात ती गोष्ट चेष्टेची होऊन बसली. भावाचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय आई, बाजारात गेली होतीस का?" आईही हसते. आमच्या सगळ्या पाहुण्यांना माहीत आहे, म्हातारीनं मेथीपायी पोराचं लग्न घालवलं. मी प्रत्येक वेळी चहा टाकायला आत जाते.

यंदा सुट्टीत आम्ही कवठ्याला गेलो होतो. पोरगं आता सहा वर्षांचं होत आलंय. त्याचा पहिला दुधाचा दात आईच्या अंगणात पडला. आईनं तो धुतला, त्याच्या हातात दिला आणि पत्र्यावर टाकायला लावला. टण्ण वाजलं. ते नाचत खेळायला पळालं आणि आम्ही दोघीच राहिलो ओट्यावर. काय झालं कुणास ठाऊक, मला राहवलंच नाही.

"आई," म्हटलं, "तवा त्याला दात येत नव्हते."

ती लसूण सोलत होती. म्हणाली, "ठावं हाय."

"म्हणजे?"

"बोट घालून बघितलं न्हवतं का मी? कुठं हिरडी सुजल्याली न्हाई, काय न्हाई. आन् जावई गच्चीवर खोकतेत, ते काय मला ऐकू येत न्हवतं?"

"मग त्याला घेऊन कशाला झोपलीस गं? मला कशाला जवळ येऊ दिलं नाहीस?"

"दोघींला झालं आसतं तर?" ती लसणाचं साल फुंकून म्हणाली. "दोघीतली एक तरी जायाला पायजे हुती. माझा ल्योक परमुलखात, त्याच्या मागं उभं ऱ्हायाला रक्ताचं कुणीच न्हाई व्हय? आन् तू ल्हान हायेस, तुला हौस."

मी रडायला लागले. "आणि मी तुला बाजाराचं बोलले..."

"ते लागलं," आई म्हणाली. "ते लागलं मला, खोटं कशाला बोलू? पण तुला कायतरी बोलायचंच हुतं तवा."

तेवढ्यात फोन वाजला. भावाचा व्हिडिओ कॉल. पोरानं धावत येऊन फोन घेतला आणि तोंड वासून खिंडार दाखवलं. मामा तिकडून हसला, फोन आईकडं फिरवायला सांगितला आणि म्हणाला, "काय आई, गेली होतीस का बाजारात?"

मी डोळे पुसले. आता सांगायचंच म्हणून तोंड उघडलं. आईनं लसणाचा हात माझ्या गुडघ्यावर दाबला आणि फोनकडं बघून म्हणाली, "गेलते की. मेथी लई चांगली आलीय यंदा."

तो खो खो हसला. आणि मी पुन्हा चहा टाकायला आत गेले.