निम्मेसाहेबांचा समेट

सरकारी कागद लोकांना दाखवायचे की नाहीत यावरून भांडणं होतात, आणि ती मिटवायला सरकारच एक माणूस पगार देऊन बसवतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ही गोष्ट अशाच एका माणसाची. हुद्दा मध्यस्थाचा. पण त्या इमारतीत शिपायापासून सचिवापर्यंत सगळे त्यांना निम्मेसाहेब म्हणत, आणि गंमत म्हणजे त्यांना ते आवडायचं.

नाव पडलं ते असं. नागरिक म्हणायचा, मला फाइल पाहिजे. खातं म्हणायचं, मिळणार नाही. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना तोंडं फुगवून बसायचे. निम्मेसाहेब मधे बसून दोघांचं ऐकून घ्यायचे, चहा मागवायचे, दोघांच्याही तब्येतीची चौकशी करायचे आणि म्हणायचे, "हे बघा, थोडं तुम्ही सोडा, थोडं तुम्ही सोडा. निम्मी फाइल देऊन टाकू." झालं! पुलाच्या तपासणीचा अहवाल मागणाऱ्याला पुलाच्या अलीकडच्या निम्म्याचा अहवाल मिळायचा. शाळेच्या इमारतीची कागदपत्रं मागणाऱ्या बापाला तळमजल्याची मिळायची. त्याची तक्रार वरच्या मजल्यावरच्या गळक्या छताची असे, पण तोवर सही होऊन गेलेली असायची. समेटाच्या कागदावर शेवटची ओळ ठरलेली: 'उर्वरित भाग अर्जदार पुन्हा मागणार नाही.' मग दोघांनी हात मिळवायचे आणि साहेबांनी समाधानानं चष्मा पुसायचा. इतके समेट घडवले म्हणून वरिष्ठांनी त्यांचा सत्कार करून एक भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. त्याचा तासकाटा फिरायचा, मिनिटकाटा फिरायचा नाही. साहेबांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्यांचा आणखी एक नेम होता. ज्या कागदावरून भांडण, तो कागद आपण वाचायचा नाही. "वाचलं की मत होतं," ते म्हणत, "आणि मत झालं की मध्यस्थी संपली." खात्याकडून कागदाची प्रत लाखबंद पाकिटातून यायची आणि तशीच कपाटात जायची. मिळणारं निम्मं म्हणजे नेहमी पहिलं निम्मं. कुठून कापायचं यावरून पुन्हा नवं भांडण कोण ओढवून घेणार?

घरीही तेच. बायको म्हणायची, "अहो, आमटीत मीठ जास्त झालंय की कमी, एवढं तरी सरळ सांगा!" साहेब म्हणायचे, "तुझंही बरोबर आहे आणि आमटीचंही." बिचारी कपाळाला हात लावून उठून जायची. भांडण झालं नाही याचा साहेबांना आनंद.

अशा या माणसासमोर एक दिवस त्यांच्या ताईचंच प्रकरण येऊन पडलं.

ताई म्हणजे सख्खी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा त्यांना न्हाऊमाखू घालण्यापासून हाताला धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. तिचा नवरा, म्हणजे साहेबांचे दाजी, पाणी खात्यात व्हॉल्व्हमन होते. वस्तीच्या टेकाडावरची मोठी टाकी भरायची आणि सोडायची, हे त्यांचं काम. एका दुपारी ती टाकी फुटली. खालच्या गल्लीतल्या घरांत पाणी शिरलं, भांडीकुंडी वाहून गेली, आणि दाजी त्या पाण्यातच गेले. दाजींचं दिवसकार्य होत नाही तोवर कुजबुज सुरू झाली: जेवून आडवा झाला असणार, टाकी भरून वाहत राहिली, दुसरं काय! ताई नळावर गेली की बायका बादल्या उचलून निघून जाऊ लागल्या. तिथंच लहानाची मोठी झालेली माणसं तिच्याशी बोलेनाशी झाली.

खात्यानं चौकशी केली, अहवाल लिहिला आणि कुलपात घातला. ताईनं तो मागितला. खात्यानं कळवलं की अहवाल उघड केल्यास जनतेच्या मनात पाण्याविषयी भीती निर्माण होईल. म्हणे पाण्याविषयी! झालं, भांडण मध्यस्थाकडे आलं.

नात्यातलं प्रकरण घ्यायचं नाही, असा नियम होता. पण साहेबांना वाटलं, दुसऱ्याकडे गेलं तर ताईला काहीच मिळणार नाही, आपण निदान निम्मं तरी मिळवून देऊ. अर्जदाराशी नातं विचारणाऱ्या रकान्यात त्यांनी 'परिचित' असं लिहिलं. बहिणीचं निम्मं केलं की परिचित उरते, असा त्यांचा हिशेब असावा.

बैठकीला पाणी खात्याचा अधिकारी आला, गुळगुळीत दाढी केलेला. ताई म्हणाली, "यांच्याबद्दल त्यात काय लिहिलंय, तेवढंच मला पाहिजे. चांगलं असेल तर लोकांना दाखवीन. वाईट असेल तर गप्प बसेन. पण मला कळू तर द्या!" साहेबांनी चहा मागवला. तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाले, "निम्मा देऊन टाकू." इतका वेळ अडून बसलेला अधिकारी एकदम खुलला. "निम्म्याला आमची काहीच हरकत नाही," तो म्हणाला. साहेबांना वाटलं, ही आपल्या चहाची करामत.

ताई शेवटच्या ओळीवर थांबली. "पुन्हा मागायचा नाही, असं का?"

"तशी पद्धत असते, बाई. सही करा," साहेब म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणताय म्हणून करते," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं धाकट्या भावाला तुम्ही म्हटलं होतं. तेव्हाच साहेबांनी सावध व्हायला हवं होतं. पण ते चष्मा पुसत होते.

आता चौकशीचा अहवाल कसा लिहितात, ते कुठल्याही कारकुनाला विचारा. आधी कोणी काय आरोप केले ते येतं. चौकशीत खरं काय निघालं ते मागून येतं. साहेबांनी उभ्या नोकरीत एक जरी अहवाल वाचला असता, तर हे त्यांनाही ठाऊक असतं.

काही दिवसांनी ताई घरी आली. आत बोलावलं तरी दारातच उभी राहिली. हातातले कागद तिनं पुढे केले. त्यात वरिष्ठाचा जबाब होता की हा माणूस कामचुकार होता. शेजाऱ्याचा जबाब होता की तो दुपारी पेंगायचा. पानामागून पान तेच, आणि शेवटच्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं: 'वरील आरोपांचा समितीने सखोल तपास केला असता असे आढळून आले की'. बस. पुढे कोरं.

"हे त्यांनी टाकीजवळच्या फळ्यावर लावलंय," ताई म्हणाली. "कारभार खुला आहे, हे दाखवायला. इतके दिवस लोक बोलत होते, आता सरकार बोलतंय. आणि मला मान्य आहे म्हणून माझी सही आहे!" ती रडली नाही. कागद तिथंच ठेवून निघून गेली. साहेबांची बायको आतून म्हणाली, "निस्तरा आता!" आणि या वेळी साहेबांनी तिचंही बरोबर आहे असं म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात दार लावून त्यांनी कपाट उघडलं आणि लाखेचं पाकीट फोडलं. नेम मोडला. वाचत गेले तसा घाम फुटला. टाकी भरल्याची घंटा कित्येक महिने बंद होती. दाजींनी ते वारंवार लेखी कळवलं होतं. भिंतीला तडा गेल्याचंही कळवलं होतं, आणि त्यावर वरिष्ठानं 'पाहू' असा शेरा मारला होता. त्या दुपारी दाजी जागे होते. भिंत कुरकुरायला लागली तेव्हा पळायला वेळ होता. ते पळाले नाहीत. नाल्याकडची गंजलेली झडप हातानं फिरवत बसले, म्हणून बरंचसं पाणी नाल्यात गेलं. समितीनं साफ लिहिलं होतं की तसं झालं नसतं तर खालची गल्ली उरली नसती.

साहेब खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले.

पण जन्माची खोड जाते कुठे? सांगून टाकायचं, तर गोपनीयतेची शपथ आड आली. ताईनं हक्क सोडलेला. मग त्यांनी स्वतःच एक साधा नागरिक म्हणून उरलेल्या भागासाठी अर्ज केला. खात्यानं नकार दिला. भांडण मध्यस्थाकडे गेलं, म्हणजे त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या धाकट्या मध्यस्थबाईंकडे. साहेब पहिल्यांदाच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. ती खुर्ची डगमगते, हे त्यांना तेव्हा कळलं.

बाईंनी चहा मागवला. तब्येतीची चौकशी केली. मग गोड हसून म्हणाल्या, "साहेब, तुमचीच शिकवण. थोडं तुम्ही सोडा, थोडं खातं सोडेल. उरलेल्या निम्म्याचं निम्मं देऊ."

"आमची काहीच हरकत नाही," पाणी खात्याचा अधिकारी म्हणाला.

"बाई, तुम्ही ते वाचलंय का?" साहेबांनी विचारलं.

बाईंना वाईट वाटलं. "साहेब! मी कशी वाचेन?"

आणि मग जे कुणी कधी ऐकलं नव्हतं ते झालं. निम्मेसाहेब ओरडले. "मला पूर्ण पाहिजे! एक ओळ कमी चालणार नाही!" कप कलंडला, चहा समेटाच्या कागदावर पसरला, आणि साहेब तरातरा बाहेर पडले. व्हरांड्यात अर्जदारांच्या बाकावर ताई बसली होती; निकाल लागलीच कळावा म्हणून त्यांनीच तिला निरोप धाडून बोलावलं होतं. तिच्यासमोर उभं राहून त्यांनी खड्या आवाजात सांगायला सुरुवात केली. घंटा, तडा, 'पाहू' हा शेरा, गंजलेली झडप, सगळं. बाकावरचे अर्जदार उठून जवळ आले. कारकून दारात गोळा झाले. अधिकाऱ्यानं आतून दार लावून घेतलं. मध्यस्थबाई मागून धावत आल्या, "साहेब, शपथ आहे! नोकरी जाईल! अहो, निदान निम्मं तरी हळू बोला!"

साहेब थांबले नाहीत.

"पुन्हा सांग," ताई म्हणाली. त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं ताईला उगाचच नमस्कार केला. आता तिला रडू आलं, पोटभर. रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि भावाकडे वर पाहिलं.

"मी सही केली, त्या दिवशी हे तुझ्या कपाटात होतं?"

"होतं."

"आणि तू वाचलं नव्हतंस?"

"नाही."

"थोडंसुद्धा?"

साहेबांनी चष्मा काढला, पण तो पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"निम्मंसुद्धा नाही, ताई."