पापडांची चादर आणि बाबांची सतरंजी

मैत्रिणींनो, हसू नका. आज गच्चीवर पापड वाळत घालताना डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं आणि मी पापडांच्या चादरीवर पालथी पडले. सून म्हणाली, "आई, तुमी पापडावर काऊन झोपल्या?"

ऐंशीच्या दशकात, मी सातवीत असताना, आमच्या रोहणा गावच्या शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टरने मंत्री यायचे होते. बाबा हेडमास्तर. "पाहुण्याले मातीत कसं उतरवावं?" म्हणत त्यांनी हेलिकॉप्टर उतरायच्या जागी केलेल्या चुन्याच्या खुणेवर सतरंजी अंथरली.

दोन इंजिनांचं छोटं हेलिकॉप्टर खाली आलं आणि सतरंजी पात्यांकडे उडाली. बाबांनी धावत जाऊन तिची टोकं मुठीत धरली आणि तिच्यावर अंग टाकलं. मी डोळे मिटले.

हेलिकॉप्टर बाजूला उतरलं. मंत्री हसले, "मास्तर, साष्टांग दंडवत कशाला?"

बाबांच्या मुठी संध्याकाळपर्यंत उघडल्या नाहीत.

आज चादर धरलेल्या माझ्याही मुठी उघडेनात. तुमच्या अंगात कोणाकडून आलेली भीती राहते?