किसनआप्पांचा हलका पाय

आप्पा गेल्याचा फोन सकाळी आला. दुपारी मी जालन्यात मस्तगडला त्यांच्या घरी पोचलो, तेव्हा दारासमोर माणसं बसलेली होती. किसनआप्पा माझे धाकटे चुलते. ज्यांची गाडी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली ते भाऊसाहेब मधोमध खुर्चीत होते. कसं झालं, असं मी चुलतीला विचारलं, पण उत्तर भाऊसाहेबांनीच दिलं, "झोपेतच गेला. नशीबवान." त्यावर मागून कुणीतरी बोललं, "झोपंनंच घात केल्ता, झोपंनंच नेलं." दोघं-तिघं हसले. आप्पा आत जमिनीवर होते, आणि बाहेर लोक हसत होते. आज काही आठवड्यांनी मी हे लिहितोय ते त्या हसण्याला उत्तर म्हणून. आप्पा गाडी चालवताना झोपले, हा त्यांच्यावरचा आळ होता. उरलेल्या आयुष्यात त्यांना एकच गोष्ट हवी होती. मालकानं चार माणसांत म्हणावं, किसन जागा होता, त्यानं ब्रेक दाबला होता. बस, एवढंच.

आप्पा चपला सीटखाली सारून अनवाणी गाडी चालवायचे. भाऊसाहेबांच्या आईला, मोठ्या आईंना, गाडी लागायची. त्यांच्या पोटातलं पाणी हलू नये म्हणून समोर काही दिसलं की आप्पा लांबूनच ब्रेकवर पाय टेकवत आणत. त्यांची गाडी थांबायची नाही, निवायची. "किसन्याच्या गाडीत बसलं की डोळा लागतोच," असं मोठ्या आई कौतुकानं सांगत. मग नवी गाडी आली, सगळा कारभार इलेक्ट्रॉनिक. काही महिन्यांतच समोरच्या काट्यांमध्ये एक पिवळा दिवा लागला तो विझेना. आप्पांनी मालकाला दाखवला. "गाडी चालती ना? मंग?" मालक म्हणाले. पुढच्या वेळी मोठ्या आईंनी पिंपळगाव रेणुकाईच्या देवळातून आणलेलं देवीचं चिकटचित्र थेट त्या दिव्यावर लावलं. "मेला सारखा डोळे वटारून राह्यला. आता देवी बघून घेईल." देवीचं चित्र खरवडून काढायची हिंमत आप्पांना झाली नाही. उलट रोज गाडी सुरू करताना ते त्या चित्राच्या पाया पडत.

भोकरदनच्या रस्त्याला मेंढरं आडवी आली. आप्पा लांबूनच पाय टेकवत आले, गाडी निवत निवत मेंढरांपाशी थांबली आणि मागून ट्रक आदळला. मागच्या सीटवरच्या मोठ्या आईंच्या कमरेचं हाड मोडलं. ट्रकवाला पोलिसांपुढे ओरडत होता, "लाल बत्ती जली ही नहीं साब! सीधा ब्रेक मारा इसने!" झालं. किसन झोपला होता, मेंढरं पाहून दचकला आणि एकदम पाय मारला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. गाडीत दुसरं कोण होतं? मोठ्या आई. त्या म्हणाल्या, "मला काय माहीत बाबा, मला डोळा लागल्ता."

आप्पांची नोकरी गेली. गाडी दुरुस्तीला होती तिथं ते मला घेऊन गेले. भाऊसाहेबही तिथं होते. मिस्त्रीनं गाडीला स्कॅनर लावला, त्यात ब्रेक पेडलच्या सिग्नलचा दोष दिसला आणि रिवाजाप्रमाणे त्यानं तो आधी पुसून टाकला. मग बुटाच्या पायानं पेडल दाबलं. मागचा एक दिवा शाबूत होता, तो झक्क लागला. "लागतो की," मिस्त्री म्हणाला. आप्पा पुढं झाले. "असं रेटून न्हाई दाबत मी. माझ्या पायानं बघा." त्यांनी चपला काढल्या, सीटवर बसले, पाय टेकवला. मी मागं उभा होतो.

"लागला का रे?"

"न्हाई, आप्पा."

"आता?"

"न्हाई."

त्यांनी पाय आणखी खाली नेला तेव्हा कुठं दिवा लागला. मिस्त्री पेडलपाशी वाकला. म्हणाला, पेडलच्या स्विचातून दोन खबरी जातात, एक कॉम्प्युटरला, एक दिव्याला. यातली दिव्याची उशिरा जाते. दोन्ही जुळत नाहीत म्हणून तर पिवळा दिवा लागला असणार... तो दिसला नाही का कुणाला? त्यानं काट्यांवरच्या काचेत डोकावून पाहिलं. तिथं देवी होती.

आप्पांचा चेहरा उजळला होता. ते मालकाकडं पाहत राहिले. भाऊसाहेब मिस्त्रीला म्हणाले, "स्विच बदलून टाक, बोभाटा नको." आणि आप्पांना, "आईनंच दिवा झाकून स्वतःचं हाड मोडून घेतलं, असं गावभर सांगत फिरू का मी?"

मी त्याच दिवशी पत्रक छापायला निघालो होतो. घरात चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे बघतच मी वाढलो; अन्याय दिसला की छापायचा, एवढंच मला कळत होतं. आप्पांनी हात धरला. "म्हातारीला कळलं तर जीव सोडंल ती. ऱ्हाऊ दे." मग ते एका कारखान्यावर वॉचमन झाले. दर सणाला मोठ्या आईंच्या पाया पडायला जात. खाटेवरून म्हातारी विचारायची, "काय रे किसन्या, आता तरी पुरती होती का झोप?" सगळे हसायचे. आप्पाही हसायचे.

मोठ्या आई गेल्या. तेरावा होऊ दिला आणि आप्पा मालकाकडं गेले. "आता त्यास्नी दुखायचं न्हाई, मालक. आता तेवढं बोला." भाऊसाहेब म्हणाले, "मेलेल्या बाईवर ढकलतोस? लाज धर." त्यानंतर आप्पांनी कधी तोंड उघडलं नाही. चुलती सांगते, त्यांना धड झोपच यायची नाही. झोपेत गेले म्हणतात तो माणूस वर्षानुवर्षं छताकडं बघत पडलेला असायचा...

त्या दुपारी भाऊसाहेब स्मशानापर्यंत थांबले नाहीत. दारासमोर तिरडी बांधणं चाललं होतं, तिच्या बाजूनं त्यांची गाडी निघाली. तीच गाडी, स्विच तेवढा नवा. बोळ अरुंद, पुढं हातगाडी, खाली पोरंटोरं. नव्या ड्रायव्हरला जेमतेम पाय टेकवत सरकावं लागत होतं. तो नुसता पाय टेकवायचा, आणि मागचे दोन्ही लाल दिवे लखकन लागायचे. बोळाच्या टोकापर्यंत दर वेळी लागले. ते बघणारा मी एकटाच होतो. बाकीच्यांनी गाडीला वाट द्यायला तिरडी भिंतीकडं सरकवली होती, ती पुन्हा मधे ओढून घेतली.