खरखर काढू नका!

आमचा बँड ऐकलेली माणसं यवतमाळात थोडी आहेत, पण बँडचे किस्से ऐकलेली गावभर आहेत! बाजारात मेथी निवडत उभी असले तरी कोणी ना कोणी थांबवतंच. "मॅडम, ते बेरिंगचं काय झालतं, सांगा ना!" एक सांगितला की मागून दुसरा येतो. तुरीच्या पोत्याला खालून भोक पडावं तसं होतं, मग मेथी राहते बाजूला.

तर आधी माणसं सांगते. आम्ही तिघं. मी वैशाली, ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि बेस गिटार वाजवते. गजू ड्रम वाजवतो. लग्नाच्या सीझनमध्ये तो बँड पार्टीत असतो, म्हणजे आमच्यात खरा कमावता कलाकार तोच. आणि संदीप, आमचा संद्या. ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सेल्समन. तो गिटार वाजवतो, गातो आणि गाणी लिहितो, तीही आपल्या वऱ्हाडीत.

आम्ही वाजवतो ते ग्रंज. गिटारचा आवाज मुद्दाम फाटका ठेवायचा, गाणं कच्चं ठेवायचं, चकाचक काही करायचं नाही. कोणी विचारलं की गजू व्याख्या सांगतो, "पोटात दुखलं तर माणूस सुरात कण्हते काय? नाई ना? मंग! तसं हाय हे."

संद्याला या सगळ्यातून एकच गोष्ट पाहिजे होती. त्याचे वडील, सुखदेवबाबा, अख्खं आयुष्य आपली गायन पार्टी घेऊन भीमगीतं गात गावोगाव फिरलेले. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज बसला तो बसलाच. त्या दिवसापासून त्यांनी माईक हातात धरला नाही. घरात संद्यानं गिटार उचलली की बाबा चप्पल घालून बाहेर. "माहं नरडं गाऊन गाऊन गेलं," म्हणायचे, "अन हा जाणूनबुजून फाडून राह्यला." संद्या आम्हाला म्हणायचा, "टाया-शिट्ट्या नको मले. बाबानं एक डाव बसून आयकाव, बस."

*

आता बेरिंग. प्रॅक्टिसला जागा मिळेना. घरी केली की शेजारचे येत, शेजारच्यांनी सोडलं की पोलीस चौकीतून फोन येई. शेवटी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत उत्तमकाकांची दालमिल आहे, तिच्या मागचं रिकामं गोडाऊन त्यांनी दिलं. भाडं नाही, काही नाही. एकच अट, "मिल चालू असन तवाच वाजवा. कोणाले आयकू नाही येत मंग."

पहिल्याच दुपारी आम्ही सुरू केलं. संद्यानं गिटारचा सगळा फाटका आवाज सोडला, आणि दोन मिनिटांत पलीकडची मिल बंद! उत्तमकाका धावत आले, मागे मिस्त्री ग्रीसचा डबा घेऊन.

"थांबा थांबा! वाजवू नका! मिलचा बेरिंग गेला, आवाज आला मले!"

सगळी मिल खोलली बिचाऱ्यांनी. बेरिंग ठणठणीत. परत मिल सुरू केली, परत आम्ही वाजवलं, परत मिल बंद! तिसऱ्यांदा मिस्त्रीनं आमच्या दारात उभं राहून नीट कान दिला आणि म्हणाला, "मालक, बेरिंग इथं गेला हाय."

आम्हाला वाटलं, झालं, गेली जागा. तर काका आत आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "पुन्हा वाजव रे ते. तेवढंच." त्या दिवशी बँडचं नाव पडलं, "बेरिंग". उत्तमकाका, तुमच्यामुळे आमच्या डोक्यावर पत्रे आहेत हो. हे एकदा सगळ्यांसमोर सांगायचंच होतं.

*

संद्याच्या अँप्लिफायरचं एक बटण ढिलं झालं. त्यानं तो शकीलभाईंकडे दिला. शकीलभाई म्हणजे मंडप, लाउडस्पीकर, मिक्सर, सगळ्याचे डॉक्टर. यवतमाळात त्यांच्या हाताला तोड नाही.

चार दिवसांनी संद्या आणायला गेला. शकीलभाई एकदम खुशीत. "बटण तो मामूली था संदीपभाऊ. पण आत लई खरखर होती. पुरी काढून टाकली. आता बघा, काचेसारखा आवाज!"

संद्यानं तार छेडली. खरंच काचेसारखा! संद्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शकीलभाईंना वाटलं, आनंदानं आलं.

"भाई," संद्या म्हणाला, "खरखर परत टाका."

"काय?"

"खरखर काढू नका! तीच तर पाह्यजे मले. लागन तेवढे पैसे घ्या, पण परत टाका."

शकीलभाईंनी त्याला आधी पाणी पाजलं. मग म्हणाले, "माझ्या दुकानातून खराब आवाजाचा माल बाहेर जात नाही. इज्जत का सवाल है." अर्धा तास वाद! शेवटी त्यांनी ड्रॉवरमधून ब्लेड काढली, टेबलावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "स्पीकरचा कागद फाटला की येते खरखर. तू फाड. मैं नहीं देखूंगा."

संद्यानं फाडला. तोच आवाज आजही वाजतो. आणि दर कार्यक्रमाला शकीलभाई फुकट वायरिंग करून देतात, फक्त स्पीकरवर रुमाल टाकून ठेवतात. कोणी विचारू नये म्हणून!

*

माझ्या सासूबाईंचा किस्सा. ग्रंजवाल्यांचे कपडे साधे, विटके, गुडघ्यावर फाटलेले. मीही तशी एक जीन्स पैदा केली. सासूबाईंनी ती दोरीवर पाहिली आणि काही बोलल्या नाहीत. सासू बोलत नाही तेव्हा सावध राहावं, हे मला कळायला पाहिजे होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी घडी उघडते तर काय, दोन्ही गुडघ्यांना हिरव्या खणाची ठिगळं! काठासकट, बारीक टाक्यांनी शिवलेली.

"आई, हे काय हो?"

"अवं, कॉलेजात शिकवते तू. लोकं काय म्हनतीन, सुनेले पँट नाही घेऊन देत. घरातला सगळ्यात चांगला खण कापला म्या. माह्या चोळीचा होता."

आता बोला! मी तीच घालून वाजवलं. पुढच्या कार्यक्रमाला कॉलेजच्या तीन पोरी जीन्सला खणाची ठिगळं लावून आल्या. सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "टाके मोठे पडले त्याइचे." त्यांनी माझं वाजवणं एकदाही नावाजलं नाही, पण प्रॅक्टिसच्या दिवशी माझ्या वाटणीचा स्वयंपाक त्या न सांगता उरकून ठेवतात. अशी सासू मिळायला नशीब लागतं, आणि माझं आहे.

*

गजूचं डोकं म्हणजे एकच. लग्नाचा बँड आणि आमचा बँड यांच्यासाठी वेगळं डोकं त्याला देवानं दिलेलं नाही.

उमरखेडला एका वरातीत तो वाजवत होता. आदल्या दिवशी आमचं एक नवं गाणं बसलं होतं, एकदम जड, संथ. गजूच्या हातातून तेच निघालं. बाकीचे वाजवणारे त्याच्या मागे. नवरदेवाची घोडी शिकलेली, ठेक्यावर पाऊल टाकणारी. ठेका संथ, म्हणून घोडीही संथ! वरात पुढे सरकेना. लग्नाची वेळ टळायला आली.

नवरीचे वडील मांडवातून पळत आले. "अबे, काय वाजवून राह्यले? माणूस मेला काय कोणी?"

गजू काही बोलायच्या आत वर घोडीवरून नवरदेव सासऱ्यांना ओरडून म्हणाला, "राहू द्या मामाजी! पहिल्यांदाच मले वाटून राह्यलं का बँडवाल्याले माह्या मनातलं समजलं!"

लग्न झालं, नीट झालं. आता नवरा-बायको दोघंही आमच्या कार्यक्रमाला येतात. ती पुढे उभी असते आणि तो मागे असतो.

*

पुसदला एका कॉलेजच्या गॅदरिंगला बोलावलं. संद्यानं डोकं चालवलं. "बाबा, पुसदच्या मावशीले भेटून येऊ" म्हणून बाबांना गाडीत घातलं. बाबा काही दूधखुळे नव्हते. कॉलेजच्या गेटपर्यंत आले, गिटार बघितली आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले ते बसलेच.

आत आम्ही तीन गाणी वाजवली, जीव तोडून. पोरं बघत होती. टाळी नाही, शिटी नाही. मी घामानं निथळले. तेवढ्यात प्राचार्य हळूच स्टेजजवळ आले, माझ्याकडे वाकून अगदी प्रेमानं म्हणाले, "मॅडम, साउंड चेक झाला असेल तर आता कार्यक्रम सुरू करायचा का?"

गजूनं ड्रमच्या काड्या तोंडात धरल्या, हसू दाबायला. मी म्हटलं, "हो सर, करतो." आणि तीच तीन गाणी पुन्हा वाजवली. या वेळी पोरं नाचली! का, ते देव जाणे.

परतताना गाडीत संद्यानं धीर केला. "बाबा, टपरीपोतर आयकू आलं काय?"

"आलं."

"कसं वाटलं?"

"बोल समजले नाही," बाबा म्हणाले. "ज्याचे बोल समजत नाही, ते गाणं कोणासाठी म्हनते माणूस?"

संद्याला लागलं होतं ते. पण दुसऱ्या दिवशी गोडाऊनला आला तो गिटार न काढताच बसला, आणि प्रत्येक गाण्याचे बोल मला नुसते वाचून दाखवायला लागला. "समजते काय, मॅडम? खरं सांगा." आवाज त्यानं तसाच फाटका ठेवला, पण एकेक शब्द उभा केला. महिनाभर हेच. मी केमिस्ट्री शिकवते, मला गाण्यातलं काय कळतं, पण त्या महिन्यात आमची गाणी खरी गाणी झाली. ते बाबांचंच देणं.

*

आता शेवटचा. हा मी भाजीबाजारात सांगत नाही.

एप्रिलमध्ये संद्याच्या वस्तीत भीमजयंतीचा कार्यक्रम होता. मोठी गायन पार्टी बोलावलेली. तिची गाडी वाटेत बंद पडली. मांडव भरलेला, बाया-पोरं, म्हातारी माणसं, सगळी संध्याकाळपासून बसलेली. कमिटीचा सेक्रेटरी संद्याकडे आला. "अबे, तुह्या त्या पार्टीले बोलाव ना. ते येतपोतर सांभाळून घ्या."

आम्ही सामान घेऊन पोचलो आणि मी समोर बघितलं. पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर सुखदेवबाबा. पांढरा सदरा, गळ्यात हार. जुने गायक म्हणून सत्कार नुकताच झालेला. आता हार घालून माणूस चप्पल शोधत बाहेर कसा जाणार? संद्या माझ्याजवळ सरकला. "मॅडम, आज हाय बाबा. आज बसून हाय."

पहिलं गाणं गेलं. लोक नुसते बघत होते. दुसरं गेलं, तेव्हा दोन-चार पोरांनी ठेका धरला. बाबांची मान खाली. तिसरं संद्यानं नवं काढलं. मला माहीत होतं ते कोणावर लिहिलंय. "माह्या घरात एक आवाज होता, सांग वं भिंती, कुठं ठेवला?" ओरडूनच म्हणायचं ते, पण शब्दन् शब्द मांडवाच्या टोकापर्यंत गेला. मागच्या बाया बोलायच्या थांबल्या.

आणि बाबा उठले.

संद्यानं बघितलं. त्याचा हात तारांवरच थांबला. मला वाटलं, चालले. गजूनं मात्र ठेका सोडला नाही, हळू केला, पण सोडला नाही. बाबा बाहेर गेले नाहीत. पायऱ्यांकडे आले. एका पोरानं हाताला धरून वर चढवलं.

आमच्याकडे गाणं आवडलं की माणूस मधेच स्टेजवर जातो, गायकाला भेट देतो, आणि निवेदक माईकवर देणाऱ्याचं नाव पुकारतो. बाबांनी खिशातून घडी केलेली नोट काढली आणि संद्याच्या शर्टाला पिनेनं लावली. पिन त्यांच्याच सदऱ्याची होती, आधीच काढून हातात धरलेली. निवेदक पुढे आला. "बाबा, कोणाच्या नावानं पुकारू?"

बाबांनी हात पुढे केला. माईक मागितला. निवेदकाला कळेना, त्यानं संद्याकडे बघितलं, मग दिला.

बाबा बोलले. तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. अर्धा वारा, अर्धा आवाज. स्पीकरमधून फाटून येत होता, पण बोल समजत होते, सगळे.

"सुखदेव गायन पार्टीकडून," ते म्हणाले, "पार्टीचे गायक संदीप सुखदेव, याइले."

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. ती पार्टी मोडून कित्येक वर्षं झाली होती, हे तिथं कोणाला सांगावं लागलं नाही.

माईक परत देऊन बाबा खाली उतरतील असं आम्हाला वाटलं. ते उतरले नाहीत. संद्याच्या मागे गेले, माझ्या अँप्लिफायरच्या बाजूला, आणि गळ्यातला हार काढून बाजूला ठेवत खाली मांडी घालून बसले. गायन पार्टीत गायकाची ओळ उचलून धरणारा कोरस तिथंच बसतो.

संद्या वळून त्यांच्याकडे बघत उभा होता.

बाबांनी टाळी धरली. "म्हन ना बे," म्हणाले, "दुसरं कडवं म्हन. मी उचलतो."