देवाला सोडलेला बोकड

आमचा चुलता रागाला आला की हाताला येईल ते फेकायचा. तांब्या, पाट, एकदा तर चुलीतलं जळतं लाकूड. झेलायला त्याची बायको, आमची काकू, होतीच. लग्नाला इतकी वर्षं होऊन मूल नाही म्हणून तो तिला 'वांझोटी' म्हणत बडवायचा. निफाडकडची आमची सगळी वस्ती ते खाली मान घालून ऐकायची.

नव्वदच्या दशकातल्या एका वर्षी शेळ्यांत बुळकांडी शिरली. नाकं वाहायला लागली, तोंडं आतून सडली, हगवणीने गोठा भरला. रोज एखादी ओढत नेऊन पुरायची. चुलत्याचा बोकडही तापाने फणफणला. चुलता त्याच्या कपाळाला भंडारा लावून नवस बोलला: हा जगला तर जत्रेत देवाला देईन. आणि मेला जगला! मग काय त्याचा तोरा! जत्रेपर्यंत त्याला कुणी खडाही मारायचा नाही.

वाचलेल्या शेळ्या मात्र गाभण राहीनात. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी क्षारांची पावडर दिली. आजाराने अंगातलं सगळं गेलंय, भरड्यात कालवून चारा, म्हणाले. जाता जाता त्यांची नजर बोकडावर गेली. "याचंही तपासून घ्या. असल्या तापानं नरही निकामी होतो."

"देवाच्या जनावराला नाव ठेवता?" चुलता खवळला आणि त्याने डॉक्टरांची फटफटी लाथेने आडवी केली.

काकूने पावडर चारली, मोड आलेली मटकी चारली, आपल्या ताटातली भाकरीसुद्धा चारली. शेळ्या तुकतुकीत झाल्या, माजावर आल्या. बोकड दाखवला की गप्प बसायच्या आणि काही दिवसांनी परत माजाने ओरडायला लागायच्या. एखादी ओरडली की चुलता तिला भाकड ठरवायचा आणि अंगणातच कोयता चालवायचा. रक्त पार द्राक्षाच्या बांधापर्यंत वाहायचं. शेवटी काकूच्या माहेरची काबरी शेळी तेवढी उरली.

"जत्रेच्या आत गाभण नाय राहिली, तर हिचं मटण तूच शिजवायचं," चुलत्याने काकूला सुनावलं.

काबरी परत माजावर आली तेव्हा चुलता बागेत छाटणीला गेला होता. काकू तिला घेऊन तडक ओढ्यापलीकडच्या वस्तीवर गेली. तिथला बोकड आजारी पडलाच नव्हता.

काबरी गाभण राहिली. तिचं पोट दिसायला लागलं तसा चुलता मिशीला पीळ देत फिरू लागला. जत्रेच्या आदल्या दिवशी अंगणात भावकी जमली होती.

"बघा देवाच्या बोकडाची करणी!" तो म्हणाला.

"तुमच्या बोकडाची नाय ती," काकू म्हणाली. "वढ्यापलीकडच्या बोकडाची हाय. तुमच्या बोकडातच काय नाय. माझ्या शेळ्या फुकट कापल्या तुम्ही."

एक म्हातारी फिसकन हसली. मग सगळ्याच बाया चुलत्याकडे बघत तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, आणि कशाला हसतायत ते त्याला कळलं. त्याने कोयता उचलला. संपली काकू, असं वाटून मी किंचाळले. पण तो बोकडावर धावून गेला. ना देव, ना नैवेद्य! एक घाव शिंगावर, एक मानेत, मग घावावर घाव. बोकड कधीच मेला होता, तरी हा मारतच होता. बघवत नव्हतं, आणि खरं सांगते, आत कुठंतरी लय बरंही वाटलं.

काकूने काबरीची दोरी मुठीला गुंडाळली आणि ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"आता म्हना मला वांझोटी."