चैत्रातल्या जत्रेतला रहाटपाळणा

आमच्या घरचा धंदा सुतारकीचा, पण कल्याणात आम्हाला ओळखायचे ते रहाटपाळण्यावरून. सासऱ्यांनी तो सागवानात घडवला होता. दोन उभे खांब, मधे आडवा आस, आसाला आऱ्यांचं चाक आणि चाकाला टांगलेले चार पाळणे. फिरवायचा हातांनी, हे आणि माझे धाकटे दीर. माघ लागला की जिथे जत्रा तिथे आम्ही. शिवरात्रीला अंबरनाथच्या देवळापाशी, मग चैत्रात सगळं सामान सुटं करून पडावात घालायचं आणि खाडीने ठाण्याकडच्या गावांना जायचं.

हे अबोल, पण त्या चाकाशी मात्र तासन्‌तास चालायचं. प्रत्येक खुंटीवर मोगरीने ठोकायचं आणि कान लावून ऐकायचं. आसाला एरंडेल पाजायचं. दोर जरा विसविशीत दिसला की तोडून टाकायचा. सासूबाई म्हणायच्या, "एवढा कान बायकोच्या बोलण्याला दिला असता तर तिचं भलं झालं असतं!"

कुणालाही बसवण्याआधी पहिला फेरा आमचा दोघांचा असे. हे एका पाळण्यात, मी समोरच्या. मी वजनाला कमी, म्हणून माझ्या मांडीवर वाळूची पिशवी. पहिल्या वर्षी, नवी नवरी असताना, लाजेने मेल्यासारखं झालं होतं. जत्रेतल्या बायका पदर तोंडाशी धरून हसत होत्या. पुढेपुढे मीच त्या फेऱ्याची वाट पाहू लागले. घरात दिवसभरात यांची नजर क्वचित माझ्याकडे वळायची. तिथे मात्र मी वर असले की हे खालून बघत असायचे.

त्या वर्षी खाडीकाठच्या एका आगरी गावात देवीची जत्रा होती. गाव मिठागरांवर राबणारं. दुपारपासून पाळण्यापुढे झुंबड. फेरा चालू असतानाच यांनी एकदम आरा पकडला आणि भावाला ओरडले, "थांबव!"

आस कुरकुरला होता. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

माणसं उतरवायची ती समोरासमोरच्या पाळण्यांतली, जोडीने, असा यांचा दंडक. एकच बाजू जड राहिली की चाक आपल्याच ओढीने गरकन फिरतं. पहिली जोडी नीट उतरली. उरल्या दोन पाळण्यांत वर एक म्हातारी आगरीण आणि खाली एक नवीन जोडपं. "खाली उतरा" ऐकताच म्हातारी वरूनच भांडायला लागली.

"मी नाय उतराची! वरीसभर वाट बगली, न आरधाच फेरा?"

"आजी, आस तडकलाय," हे म्हणाले.

ते शब्द कानी पडताच खालच्या जोडप्याने घाबरून उडी टाकली. चाक हललं. हे आणि दीर दोन्हीकडून आऱ्यांना लोंबकळले.

"अगं, बस! खालच्या पाळण्यात बस!" हे मला ओरडले.

मी वाळूची पिशवी उचलली आणि बसले. दोघांनी चाक सावकाश, वीतवीत सोडत फिरवलं. म्हातारी खाली येत गेली, मी वर जात गेले. माझ्या पायाखाली लाकूड करकरलं, ते मात्र आता मलाही ऐकू आलं. समोर खाडी, मिठाचे पांढरे ढीग, डोलकाठ्या. त्यांच्याकडे बघवेना.

"हलू नकोस," खालून यांचा आवाज आला. "माझ्याकडे बघ."

मी बघितलं. यांचा चेहरा घामाने निथळत होता.

म्हातारी टेकली तशी चार हात तिला ओढायला पुढे झाले. तिने पाळण्याचा दांडा घट्ट धरला. "सोरा मना! मी उतरले तं ती पोर वरशी आपटंल. ती खाली येत नाय तवर मी नाय उतराची." मग गर्दीवर खेकसली, "बगताव काय? मिठाच्या गोनी आना!"

मिठागर हाकेच्या अंतरावर. गडी पळाले, गोणी आणल्या, तिच्या पायाशी, शेजारी रचल्या. हे "आजी, आता उतरा" म्हणाले तेव्हाच ती उठली, आणि तिच्या जागी आणखी एक गोण गेली. मग मी खाली आले, आणि मीठ वर गेलं. लोक हसले, मला मात्र रडू आलं. गड्यांनी आरे दाबून धरले, आणि यांनी भर गावासमोर माझा हात धरून मला उतरवलं. धाकटे दीर समोर होते, वडीलधारी माणसं होती, तरी हात लगेच सोडला नाही.

आस काढला तेव्हा दिसलं, खांबाच्या खोबणीत बसतो तिथे आतून चीर गेली होती. बाहेरून मागमूस नव्हता. बारीक तपासणारा हा माणूस त्या चिरेवरून बोट फिरवत बसला. मी शेजारी जाऊन बसले.

जत्रा संपली. नवा आस होईपर्यंत आम्ही म्हातारीच्याच अंगणात मुक्कामाला उतरलो. तिने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं, आणि यांना दटावलं, "जेव रं. बायको हाय ना तुझी धडधाकट?" गावाने वाळलेल्या बाभळीचं एक जाड खोड दिलं. हे आणि दीर ते तासत बसले. नवा आस चढला तेव्हा देवीपुढची दुकानं कधीच उठली होती, पण गाव पुन्हा गोळा झालं. म्हातारीने मनाजोगते फेरे घेतले, वरून सगळ्यांना हाका मारल्या, आणि उतरल्यावर चक्कर आली म्हणून यांच्याशीच भांडली.

पुढे कितीतरी वर्षं चैत्रात आम्ही त्या गावी गेलो. आमचा पडाव दिसला की ती धक्क्यावर येऊन उभी राही, आणि आधी मला हात देऊन उतरवून घेई, मग यांची विचारपूस करी.