बाटली कुणाच्या बॅगेत होती

ये, अशी जवळ सरकून बस बघू. नाशिक आणि सौदीतल्या या यान्बूच्या मधे समुद्र आहे हे मला ठाऊक आहे, तरी बस. तुझा कानच धरायला हवा. धाकटी बहीण ना तू माझी? मग आळीभर काय सांगत सुटलीस, की ताईला विमानतळावर दारूच्या बाटलीसकट पकडलं? आता खरं काय ते माझ्याकडून ऐक.

सुट्टीत मुलगा आणि सून मला इटलीला घेऊन गेले. तिथल्या एका डोंगरावरच्या जुन्या गावात आम्ही दोन दिवस राहिलो. गावाला दगडी वेस, आत सगळा चढ, आणि घरांच्या खाली तळघरं. त्या तळघरांत वाइनची पिंपं, आपल्या गच्चीवरच्या टाकीपेक्षा मोठी. गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे म्हणे. खाली उतारावर नुसत्या द्राक्षबागा. पण वेली कमरेएवढ्याच, मांडव नाही काही नाही. मी सुनेला म्हटलं, "या वेलींना माल तरी काय लागत असेल?" ती म्हणाली, "आई, सातशे वर्षं लावतायत ते." मला काही पटलं नाही.

मुलगा एका तळघराशी थांबला. मला म्हणाला, "आई, तू इथे बाकावर बस, खाली पायऱ्या ओल्या आहेत." बसले. अर्धा तास झाला, तास झाला. वर आला तो काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं घेऊन.

"काय रे ते?"

"काही नाही, आई."

"काही नाही एवढं लांब असतं का?"

सून म्हणाली, "घरी गेल्यावर बघा ना," आणि दोघं एकमेकांकडे बघून हसली. झालं. मी ओळखलं, बाटलीच.

तुला तिथे बसून कळायचं नाही. सौदीत दारू आणायला बंदी आहे. सापडली तर इकामा जातो, म्हणजे इथे राहायचा परवाना. तो गेला की मुलाची रिफायनरीतली नोकरी, सुनेचं हॉस्पिटल, घर, सगळं खलास. अठरा वर्षं घासून उभं केलंय पोराने. आणि एका बाटलीपायी? दोघं खाली जेवायला गेली तेव्हा मी त्याच्या बॅगेत हात घातला. कागद फाडला नाही, देवाशपथ. नुसतं चाचपलं. गोल, कडक, लांब. आणखी काय असणार?

निघायच्या दिवशी सकाळी, जिच्या घरी आम्ही उतरलो होतो ती बाई घरच्या जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं, तेल द्यायला लागली. कशात घेणार? आदल्या दिवशी खानावळीत शेजारच्या टेबलावरची एक रिकामी बाटली मी उचलून ठेवली होती. जाड काच, सुंदर. गरम पाण्याने, लिंबाने धुतली, तेल भरलं, बूच दाबलं. सुनेला रिकाम्या बाटल्या जमवलेल्या खपत नाहीत, म्हणून जुन्या सुती साडीत गुंडाळून गुपचूप माझ्या बॅगेत ठेवली.

विमानात डोळ्याला डोळा लागला नाही. पोराकडे बघायची आणि नामस्मरण करायची. तो मजेत सिनेमा बघत होता. म्हटलं, केवढा निर्ढावलाय!

जेद्दाला बॅगा मशीनमधून गेल्या. त्याची गेली, सुनेची गेली. एक बाजूला काढली. माझी.

कस्टमच्या माणसाने साडी उलगडली. बाटली बाहेर आली. तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर द्राक्षाचा घड, खाली ते डोंगरावरचं गाव. मुलाचा चेहरा पांढराफटक. "आई, हे काय?"

मी ओरडले, "जैतून! जैतून!" त्या माणसाने बूच काढलं, वास घेतला, थेंब तळहातावर घेऊन चोळला. हात चकचकीत झाला. मला म्हणाला, "या हज्जा!" आणि हसला. म्हणजे हज करून आलेल्या आजीबाई. मी कसली हज्जा? पण मान हलवली. बाटली परत देऊन म्हणाला, "यल्ला," म्हणजे चला, निघा.

मुलाने गाडी काढली. जेद्दा मागे पडल्यावर म्हणाला, "आई, वाइनची बाटली? तुला इथले कायदे माहीत नाहीत?"

"आधी तू काय आणलंस ते सांग."

त्याने पेट्रोल पंपाशी गाडी थांबवली, मागून ते पुडकं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. लाटणं निघालं बाई. जैतुनाच्या लाकडाचं, हातभर लांब. तळघरवाल्याचा भाऊ सुतार. त्याच्याकडून समोर बसून करून घेतलं होतं. माझं लाटणं चिरलंय हे मी कधीतरी बोलले होते.

"तुला वाटलं मी दारू आणतोय?"

"हो," म्हटलं. खोटं कशाला बोलू?

सून हसली, मग मीही हसले. तो यान्बू येईपर्यंत हसला नाही. घरी आल्यावर मात्र गरम पाण्यात बाटली बुडवून नखाने तो कागद खरवडत बसला. मी जवळ गेले तर एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी विचार ना गं मला. बॅग कशाला चाचपतेस?" त्याला कसं कळलं कोण जाणे.

तेल संपलं. बाटलीत आता खोबरेल आहे. लाटणं एवढं लांब की ओट्याच्या भिंतीला आपटतं. तुझ्यासारखी मोठ्या पोळ्या लाटणारीच हवी त्याला. तर आता आळीभर हेही सांग, आणि लवकर ये बघू. व्हिसाचं मुलगा बघतोय. येताना कैरीचं लोणचं आण, पण प्लॅस्टिकच्या बरणीत, आणि ती आधी कशाची होती ते मला फोनवर सांग.